अटकेनंतरचा माणूस

मैत्रिणीच्या घरी एका संध्याकाळी आम्ही चौघं एक गुन्हेगारी मालिका बघत बसलो होतो. शेवटाकडचा भाग होता. पोलीस खुन्याच्या खोलीचं दार फोडतात. आत मिणमिणता दिवा, भिंतभर वर्तमानपत्रांची कात्रणं, त्यांना जोडणारे लाल दोरे. तपास अधिकाऱ्याची विजेरी फिरत फिरत एका फळीवर येऊन थांबते. फळीवर गोळ्यांची पाकिटं, एकही गोळी न काढलेली. पार्श्वसंगीत एकदम चढतं. अधिकारी एक पाकीट उचलतो, औषधाचं नाव वाचतो आणि सहकाऱ्याकडे बघून मान हलवतो. खून का झाले, याचं उत्तर मालिकेला तिथे मिळालेलं असतं. त्यानंतर नुसता पाठलाग.

मैत्रिणीचा थोरला भाऊ आमच्याबरोबरच बसला होता. सगळे त्याला दादा म्हणतात, मीही म्हणते. दादाला स्किझोफ्रेनिया आहे. चौदा वर्षं औषध चालू आहे, घरी बसून दोन-तीन व्यापाऱ्यांचे हिशेब लिहितो, आकडेमोडीत त्याची चूक काढायला फार कष्ट पडतात. तो काही बोलला नाही. उठला, टीव्हीशेजारी ठेवलेलं स्वतःचं रात्रीच्या गोळ्यांचं पाकीट उचललं आणि आतल्या खोलीत गेला. खण उघडल्याचा आणि लावल्याचा आवाज आला. मग तो परत येऊन आपल्या जागेवर बसला. त्या दिवसापासून त्या घरात गोळ्या बाहेर दिसत नाहीत.

मला गुन्हेगारी कथा मनापासून आवडतात, आणि मानसिक आजारानं ग्रासलेला माणूस त्यांत येऊच नये असं माझं अजिबात म्हणणं नाही. उलट तो यावा आणि नीट यावा. वाकड्या वाटेनं जाणाऱ्या, नायक-खलनायकाची ठरलेली मांडणी मोडणाऱ्या कथांनी तर हा विषय हातात घ्यायलाच हवा. माझी तक्रार वेगळी आहे. आपल्या बहुतेक क्राइम थ्रिलरमध्ये आजार हाच गुन्ह्याचा हेतू म्हणून वापरला जातो, आणि एकदा तो वापरला की लेखक, दिग्दर्शक आणि प्रेक्षक तिघांचीही विचार करण्यातून सुटका होते.

रहस्यकथेत इतर प्रत्येकाला हेतू लागतो. भावाला जमीन हवी असते, भागीदाराला पैसे, नवऱ्याला संशय असतो, नोकराला जुना अपमान गिळता आलेला नसतो. हे हेतू पटावेत म्हणून लेखक पानंच्या पानं खर्च करतो. आजारी माणसाची पाळी आली की मात्र ‘डोकं फिरलेलं होतं’ एवढ्यावर भागतं. माणुसकीचा प्रश्न बाजूला ठेवला तरी हे लेखन म्हणूनच कमअस्सल आहे. कारण भ्रमालाही आतून एक तर्क असतो. ज्याला वाटतं की शेजारी भिंतीतून आपल्यावर काही सोडतात, तो त्या भीतीत रात्रंदिवस जगत असतो. तो दार कसं लावतो, पाणी गाळून का पितो, कुणाशी बोलायचं थांबतो, या सगळ्याला त्याच्यापुरता अर्थ असतो. दादाने आजाराच्या पहिल्या वर्षी पंख्याच्या बटणावर कागद चिकटवला होता. तिथून आवाज येतात असं त्याला वाटे. कागदाच्या चारही कडा त्याने इतक्या काळजीने दाबून बसवल्या होत्या की आईने तो काढताना भिंतीचा रंग निघाला. त्या कडांकडे बघणारा कॅमेरा मला कुठल्याच मालिकेत भेटलेला नाही.

कायद्याच्या इतिहासात मात्र असा माणूस भेटतो. जानेवारी १८४३ मध्ये लंडनमध्ये डॅनियल मॅकनॉटन नावाच्या माणसाने एडवर्ड ड्रमंड यांना पाठीमागून गोळी घातली. ड्रमंड हे पंतप्रधान रॉबर्ट पील यांचे खासगी सचिव होते, आणि मॅकनॉटनला वाटलं होतं की हेच पील. सत्ताधारी टोरी पक्षाची माणसं आपला पिच्छा पुरवतात, आपल्याला कुठेच शांतता मिळू देत नाहीत, अशी त्याची पक्की समजूत होती. ड्रमंड काही दिवसांनी वारले. खटल्यात डॉक्टरांच्या साक्षी झाल्या आणि ज्यूरीने त्याला वेडाच्या कारणावरून निर्दोष ठरवलं. देशभर गदारोळ उठला, राणी व्हिक्टोरियाही संतापली, आणि हाउस ऑफ लॉर्ड्सने न्यायाधीशांना बोलावून विचारलं की अशा माणसाला जबाबदार धरायचं तरी कधी? न्यायाधीशांच्या उत्तरांतून जे नियम बनले, त्यांची सावली १८६० च्या भारतीय दंड संहितेच्या कलम ८४ वर पडली, आणि १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम २२ मध्येही तीच आहे.

हे कलम ‘आरोपी आजारी आहे का’ एवढंच विचारत नाही. कृत्याच्या त्या क्षणी, मनाच्या विकारामुळे, आपण काय करतो आहोत किंवा ते चूक अथवा बेकायदा आहे हे त्याला कळत होतं का, असं विचारतं. म्हणजे आजार असूनही माणूस दोषी ठरू शकतो. आजारी माणूस रागातून, लोभातून, इतरांसारख्याच साध्या कारणांनीही गुन्हा करू शकतो. आणि ते कळणं-न-कळणं सिद्ध कसं करायचं? घटनेच्या आधी तो कसा वागत होता, नंतर पळाला का तिथेच बसून राहिला, हत्यार लपवलं का, रक्त धुतलं का, डॉक्टरांचे जुने कागद काय सांगतात, घरचे काय सांगतात. एका माणसाच्या मनातले काही क्षण काही महिन्यांनी, काही वर्षांनी, अनोळखी माणसांनी न्यायालयात बसून उलगडायचे. यापेक्षा चांगलं नाट्य कुठल्या पटकथालेखकाला हवं आहे? आणि तरी आपल्या कथा नेमक्या या दाराशी येऊन संपतात. बेड्या पडतात, पाऊस थांबतो, अधिकारी घरी जातो.

न्यायालय आलंच तर ते ‘वेडेपणाचं सोंग घेऊन सुटला’ हे दाखवायला येतं. हा समज इतका खोल रुजला आहे की सुशिक्षित माणसंही तो सहज बोलून दाखवतात. मॅकनॉटन ‘सुटला’ म्हणजे काय झालं? त्याला बेथलेमच्या वेड्यांच्या इस्पितळात ठेवलं, १८६४ मध्ये ब्रॉडमूरच्या तसल्याच इस्पितळात हलवलं आणि १८६५ मध्ये तो तिथेच मेला. निर्दोष ठरल्यावर बावीस वर्षं तो बाहेरच्या रस्त्यावर आला नाही. आपल्याकडेही या कारणावरून निर्दोष ठरलेल्याला न्यायालय थेट रस्त्यावर सोडत नाही. सुरक्षित ताब्यात ठेवण्याचा, किंवा जबाबदारी घेणाऱ्या नातेवाइकाकडून हमी घेऊन त्याच्या हवाली करण्याचा आदेश होतो.

खटलाच उभा राहिला नाही तर काय होतं, हे आसामच्या मचल लालुंग यांच्या आयुष्यात दिसतं. १९५१ मध्ये, विशीत असताना, कुणाला तरी गंभीर इजा केल्याच्या आरोपावरून त्यांना पकडलं आणि तेजपूरच्या मनोरुग्णालयात पाठवलं. १९६७ मध्ये डॉक्टरांनी ते बरे असल्याचं कळवलं. घरी पाठवण्याऐवजी त्यांना तुरुंगात नेण्यात आलं. खटला चाललाच नाही. २००५ मध्ये राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने लक्ष घातल्यावर एक रुपयाच्या वैयक्तिक जातमुचलक्यावर ते बाहेर आले, तेव्हा वय सत्त्याहत्तर होतं. चोपन्न वर्षं. सर्वोच्च न्यायालयाने भरपाई द्यायला लावली, पण २००७ मध्ये ते गेले. ज्या देशाच्या कोठड्यांत हे घडू शकतं, त्या देशातल्या गुन्हेगारी कथांनी ‘वेडे सुटतात’ ही कल्पना पुन्हा पुन्हा विकावी, याचा मला राग येतो.

मुंबईचा रमण राघव आपल्याकडच्या अशा सगळ्या पात्रांचा मूळपुरुष. १९६० च्या दशकात उपनगरांत उघड्यावर आणि झोपड्यांत झोपलेल्या माणसांची डोकी ठेचून त्याने खून केले. मधल्या काळात एकदा संशयावरून ताब्यात येऊन तो पुराव्याअभावी सुटलाही होता. ऑगस्ट १९६८ मध्ये पकडला गेला, १९६९ मध्ये सत्र न्यायालयाने फाशी सुनावली. पडद्यावर रघुवीर यादव यांनी तो उभा केला, पुढे २०१६ मध्ये त्या नावाच्या सावलीत नवाजुद्दीन सिद्दीकी यांनी. दोघंही ताकदीचे नट. पण सर्वसामान्य माणसाला विचारा, अटकेनंतर रमण राघवचं काय झालं? बहुतेकांना फाशी झाली असंच वाटतं. प्रत्यक्षात मनोविकारतज्ज्ञांच्या मंडळाने त्याला तपासलं, आजार बरा होण्यासारखा नाही असं निष्पन्न झालं आणि १९८७ मध्ये उच्च न्यायालयाने फाशीची जन्मठेप केली. १९९५ मध्ये पुण्याच्या ससून रुग्णालयात मूत्रपिंड निकामी होऊन तो वारला. अटकेपासून मृत्यूपर्यंत सत्तावीस वर्षं. त्या सत्तावीस वर्षांत त्याच्याशी कोण बोललं, त्याला काय औषध दिलं, शिक्षा म्हणजे काय हे त्याला किती कळत होतं, हा खरा आडवाटेचा विषय होता.

आणि ज्यांचे त्याने खून केले, त्यांच्यातलं एक तरी नाव कुणाला आठवतं का? जे उघड्यावर झोपत होते, ज्यांच्या दाराला कडी नव्हती, ज्यांच्यासाठी शहर उशिरा जागं झालं, ती माणसं कथेत प्रेत म्हणून येतात आणि चादर ओढली की संपतात. आजारी खुन्याला माणूस म्हणून दाखवा असं मी म्हणते तेव्हा हमखास विचारलं जातं, मेलेल्यांचं काय? हा प्रश्न रास्त आहे, आणि ज्यांच्या घरातलं माणूस गेलं त्यांनी तो संतापाने विचारला तर ऐकून घेतला पाहिजे. पण खुन्याला राक्षस करून टाकणाऱ्या कथा मेलेल्यांनाही काही देत नाहीत. त्यांचं सगळं लक्ष राक्षसाच्या डोळ्यांवर, मानेच्या झटक्यावर, हसण्यावर असतं.

दोन्ही बाजूंना न्याय देता येतो, हे एका चित्रपटाने फार पूर्वी करून दाखवलं आहे. फ्रिट्झ लांग यांचा १९३१ चा ‘एम’. लहान मुलींना मारणारा माणूस, त्याच्या मागे पोलीसही आणि शहरातले चोर-दरोडेखोरही, कारण पोलिसांच्या धाडींनी त्यांचा धंदा बसलेला. एक आंधळा फुगेवाला त्याला शिट्टीवरून ओळखतो. चोर त्याला पकडून एका बंद पडलेल्या कारखान्याच्या तळघरात नेतात आणि तिथे खटला भरतात. खुन्याचं काम करणाऱ्या पीटर लोर या नटाला तोवर आपण फारसं बोलताना ऐकलेलंही नसतं. आणि मग तो बोलतो. तुम्ही चोऱ्या करता, पण ठरवलंत तर थांबू शकता, मला थांबता येत नाही, असं काहीसं तो गुडघ्यांवर येऊन सांगतो. रस्त्याने चालताना आपल्या मागे कुणी येतं आहे असं वाटतं, आणि तो मागे येणारा आपणच असतो. ऐकणाऱ्या चोरांतला एकजण नकळत मान डोलावतो. त्याची बाजू मांडणारा म्हणतो, याला जल्लादाकडे नाही, डॉक्टरकडे द्या. विरुद्ध बाजू म्हणते, उद्या हा पुन्हा बाहेर आला तर? गर्दीतल्या एका आईला हे ऐकवत नाही. चित्रपट तिलाही गप्प बसवत नाही, त्यालाही नाही. शेवटी आयाच उरतात, आणि कुठल्याही निकालाने मुलं परत येणार नाहीत एवढंच खरं उरतं.

त्या भाषणाचं पुढे जे झालं तेही या वादात सांगायला हवं. १९४० मध्ये नाझींनी एका ज्यूद्वेषी प्रचारपटात त्या दृश्याचा तुकडा संदर्भ तोडून घातला. लोर ज्यू होता, त्यामुळे खुन्याबद्दल सहानुभूती मागणारा हा ज्यू बघा, असा त्यांचा डाव. आणि त्याच काळात, १९३९ ते १९४१ या दोन वर्षांत, त्याच राजवटीने मनोरुग्णालयांतून आणि आश्रमांतून उचललेल्या सत्तर हजारांहून अधिक आजारी आणि अपंग माणसांना विषारी वायूने मारलं. पडद्यावर एखाद्या आजारी माणसाचं काय करायचं हा प्रश्न बाहेरच्या जगापासून इतका लांब कधीच नव्हता. म्हणून ‘कथाच तर आहे, एवढं काय’ हे उत्तर मला पुरत नाही.

आकडे थोडक्यात सांगते, कारण आकड्यांनी या भीतीवर फारसा परिणाम होत नाही असा माझा अनुभव आहे. उपचाराविना वाढलेला तीव्र मनोविकार आणि त्यात दारू किंवा अमली पदार्थांची भर पडली तर हिंसेचा धोका वाढतो, हे खरं आहे आणि ते लपवायचं कारण नाही. पण १९९८ च्या अमेरिकेतल्या मॅकआर्थर अभ्यासात, मनोरुग्णालयातून घरी आलेल्या आणि व्यसन नसलेल्या रुग्णांची हिंसा त्याच वस्तीतल्या शेजाऱ्यांइतकीच निघाली. २००५ मध्ये शिकागोत झालेल्या पाहणीत गंभीर मानसिक आजार असलेल्यांपैकी चौथ्या हिश्शाहून जास्त माणसं वर्षभरात हिंसक गुन्ह्याची बळी ठरली होती. सर्वसाधारण लोकांच्या अकरा पटींनी जास्त. आपल्याकडे २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणाने सांगितलं की वेगवेगळ्या मानसिक आजारांत ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचारच पोहोचत नाहीत. म्हणजे खऱ्या जगात मार खाणारा, लुटला जाणारा, औषधाविना राहणारा तो आहे, आणि पडद्यावर मात्र हत्यार कायम त्याच्याच हातात.

शब्दही मदत करत नाहीत. ‘सायको’ हा शब्द आपण शिवीसारखा वापरतो. स्किझोफ्रेनियाला आपण केलेला प्रतिशब्द ‘छिन्नमनस्कता’. ऐकणाऱ्याला वाटतं एका माणसात दोन माणसं, एक सभ्य आणि एक खुनी. या आजारात तसं काहीही नसतं. भास होतात, संशय घट्ट होतात, विचारांची सलगता तुटते, आणि कित्येकदा माणूस नुसता थंड पडतो, उठत नाही, आंघोळ करत नाही, बोलत नाही. जपानी मनोविकारतज्ज्ञांनी २००२ मध्ये आपल्या भाषेतलं अशाच अर्थाचं जुनं नाव बदलून टाकलं. आपणही तो विचार करायला हरकत नाही. १९६० च्या ‘सायको’ चित्रपटाच्या शेवटी एक डॉक्टर येऊन काही मिनिटांत सगळा माणूस समजावून सांगतो. तेव्हापासून आडनावं बदलली, शहरं बदलली, पण तो समजावून सांगणारा डॉक्टर अजून तसाच येतो आणि तसाच जातो. त्याला आजाराचं नाव माहीत असतं, रुग्णाचं माहीत नसलं तरी चालतं.

सर्वोच्च न्यायालयाने याच्या उलट वागून दाखवलं आहे. २०१९ मध्ये महाराष्ट्रातल्या एका फाशीच्या कैद्याचा खटला त्याच्यापुढे आला. गुन्हा भयंकर होता. न्यायालयाने ठरवलं की शिक्षा झाल्यानंतर जडलेला गंभीर मानसिक आजारही फाशी कमी करताना विचारात घ्यायला हवा, आणि शिक्षा जन्मठेपेवर आणली. पण मला त्या निकालातलं सर्वांत जास्त भिडलं ते त्याचं शीर्षक. कैद्याचं नाव निकालात नाही. ‘आरोपी एक्स’ एवढंच. आजाराची माहिती ही गोपनीय असते, ती गुन्हेगाराचीही असते, म्हणून. ज्याला कायद्याने फासावर चढवायची तयारी केली होती त्याचं नाव कायदाच झाकतो, आणि आपण मात्र अशा माणसाचं नाव पोस्टरवर छापतो.

मला हवी असलेली कथा अटकेपाशी सुरू होते. तुरुंगातला डॉक्टर आठवड्यातून एकदा येतो, त्याच्याकडे प्रत्येकासाठी काही मिनिटं असतात. आरोपी स्वतःचा बचाव करण्याच्या अवस्थेत आहे का, हे आधी ठरवायचं असतं, म्हणून तारीख पडते, पुन्हा पडते. सरकारी वकिलाला शिक्षा हवी आहे आणि ती मागण्याचं त्याला कारणही आहे. मेलेल्या माणसाची बायको प्रत्येक तारखेला येते. त्याच बाकाच्या दुसऱ्या टोकाला आरोपीची बहीण बसते, मांडीवर जुन्या केसपेपरांची फाइल. दोघी एकमेकींकडे बघत नाहीत. या दोघींचं काय होतं हे ज्याला लिहिता येईल, त्याला लाल दोऱ्यांची गरज पडणार नाही.

त्या संध्याकाळनंतर दोन दिवसांनी दादाने मला फोन केला. हिशेबाचं काहीतरी विचारायचं निमित्त होतं. मग म्हणाला, “त्या सिरीयलमधली पाकिटं भरलेली होती, बघितलंस ना? म्हणजे तो घेतच नव्हता. मग कुणाला कळलं कसं नाही? माझं एक दिवस राहिलं तरी आई विचारते.” मला उत्तर देता आलं नाही. रात्री मी तो भाग पुन्हा लावला आणि विजेरी फळीवर येते तिथे थांबवला. सहा पाकिटं होती, दहा-दहा गोळ्यांची. रोजची एक धरली तर दोन महिने तो माणूस औषधाविना होता, आणि त्या दोन महिन्यांचा एकही प्रसंग दहा भागांच्या त्या मालिकेत नाही.